बावेवरचे नऊ पाळणे

शुक्रवार, ३० ऑगस्ट १९८५. नारळी पौर्णिमा.

हजर: मी, माझी नणंद कुमुद, आणि श्री. इनामदार, निवृत्त सर्व्हेअर, आमच्या सांगलीच्या पक्षिनिरीक्षण मंडळाचे सर्वांत जुने सभासद. गैरहजर: जुलैच्या सभेत हात वर करून 'येणार' म्हणालेले बाकीचे अकरा जण. त्यांची नावं माझ्याकडे लिहिलेली आहेत. इथे देत नाही.

जायचं कशासाठी, ते आधी सांगते. मी एका कन्याशाळेत पर्यवेक्षिका आहे. आमच्या शाळेतल्या सेविका वत्सलाबाई यांचं माहेर रत्नागिरीला, मिरजोळ्याच्या पलीकडच्या एका वाडीत. त्यांच्या वडिलांच्या विहिरीवर एक माड वाकलेला आहे आणि त्याच्या झावळ्यांना पावसाळाभर सुगरणींची घरटी लटकलेली असतात, असं त्या दर वर्षी सांगायच्या. सुगरण हा काही दुर्मीळ पक्षी नाही. सांगलीतही आहे. पण आमच्याकडची घरटी नदीकाठच्या बाभळींवर, काट्यांत आणि उंच. जवळून, बसून, वही मांडीवर घेऊन बघता येतील अशी घरटी मला हवी होती. आमच्या मंडळात गेली सहा वर्षं 'पुष्कळ', 'बरीच' आणि 'खूपच' अशा आकड्यांत नोंदी होतात. एकदा तरी नीट तक्ता भरायचा, असं मी ठरवलं होतं.

सामानाची यादी केली होती. दुर्बीण एक, छत्र्या तीन, प्लास्टिकचे कागद, आखलेले तक्ते चाळीस, पेन्सिली (शाई पावसात पसरते), कार्बन पेपर, सुतळी, हिंग, आयोडीन. इनामदारांना यादीची प्रत आठ दिवस आधी दिली होती. ते एक घडीची खुर्ची घेऊन आले. छत्री आणली नाही.

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आंबा घाटात धुकं होतं आणि कुमुदला उलट्या झाल्या, एवढंच.

वाडीच्या थांब्यावर उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई समोरून येत होती. मी नीट विचारलं, "अहो बाई, इथे सुगरणी कुठे आहेत?"

ती थांबली. आम्हा तिघांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आमच्या वाडीत सगल्याच सुगरनी हायत. तुमाला किती पानांचा सैपाक करायचाय?"

इनामदार हसायला लागले. मी म्हटलं, "पक्षी. पक्षी बघायला आलोय. घरटं करतो तो."

"पाखरं बघायला? सांगलीवरनं?" तिनं भारा सावरला. "मग आबांच्या बावेवर जा. पन आज जेवून मग जा. सन हाय. पाखरं काय पलून जात नाय."

बाव म्हणजे विहीर. मी लगेच वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. नव्या मुलखात गेलं की मी तिथल्या शब्दांची यादी करते. अशानं चुका टळतात, असं माझं मत होतं.

आबा, म्हणजे वत्सलाबाईंचे वडील, अंगणात उभे होते. (अंगणाला इथे खळं म्हणतात. लिहून घेतलं.) सत्तरीचे, उंच, कमरेला पंचा आणि डोक्यावर पावसापासून पोत्याची खोळ. घरात त्यांची सून सुनंदा. तिचा नवरा मुंबईला गोदीत. आबा मला पहिल्याच वाक्याला 'बाय' म्हणाले. "ये गो बाय, ये. पाय धू." मी एकवीस वर्षं नोकरी केलेली बाई. आमच्याकडे असं एकेरीत कोणी बोललं तर मी वळून बघेन. कुमुदनं मला कोपरानं ढोसलं आणि नंतर सांगितलं की इथे लेकीला बाय म्हणतात. मग मी तेही लिहून घेतलं.

जेवायला नारळीभात, अळूचं फदफदं, वालाची उसळ आणि तव्यावरून थेट पानात येणारं घावन. आमच्याकडच्या नारळीभातात खोबरं शोधावं लागतं, इथे भात शोधावा लागला. सगळं उत्तम होतं. पण इनामदारांचा चेहरा उतरला होता. ते रत्नागिरीला मासे खायला आले होते आणि श्रावण संपायला अजून पंधरवडा होता. सुनंदानं मिठाच्या पाण्यातल्या आवळ्याची फोड वाढली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, जणू तिच्याखाली बांगडा निघेल.

शनिवार

सकाळी साडेसहाला बावेवर.

बाव घरापासून शंभर पावलांवर, कातळात खोदलेली, तोंडाशी चिऱ्यांचा कठडा. तिच्यावर तो माड असा वाकलेला की त्याचा शेंडा बरोबर पाण्याच्या मध्यावर यावा. आणि झावळ्यांच्या टोकांना घरटी. वाऱ्यानं सगळी एकदम हलत होती आणि किलबिल इतकी, की इनामदारांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्या सकाळची ती एक चांगली गोष्ट.

मी जागा ठरवून दिल्या. अलीकडच्या काठावर, फणसाखाली, तिघांनी एका रांगेत बसायचं. प्रत्येकानं चार-पाच घरटी वाटून घ्यायची आणि फक्त त्यांच्याकडेच बघायचं. नर पिवळ्या डोक्याचा, तोंडावर काळपट बुरखा, छाती पिवळी. मादी साधी, चिमणीसारखी मातकट, पण चोच जाड आणि शेपूट आखूड. हे मी सांगलीत दोनदा सांगितलं होतं, चित्रही काढून दिलं होतं.

साडेसातला इनामदारांचा तक्ता बघितला. 'चिमण्या: अंदाजे चाळीस.'

"इनामदार, इथे एकही चिमणी नाही."

"मग या काय?"

"या माद्या आहेत. सुगरणीच्या."

"म्हणजे त्या पिवळ्यांनी घरं बांधायची आणि यांनी येऊन नावं ठेवायची?"

"हो. अगदी तसंच."

"तरीच ओळखीच्या वाटल्या," ते म्हणाले आणि खुर्ची घेऊन दुसरीकडे सरकले.

खरं म्हणजे ते अगदी तसंच असतं. विणतो नर. नाव मात्र आपण बाईचं ठेवलंय. माडाच्याच पानाची कड चोचीत धरून तो एकदम उडतो, लांब चिंधी निघते, ती घेऊन येतो आणि लोंबकळत, उलटा होऊन, टोक आत-बाहेर ओवत बसतो. घरटं अर्धं झालं की थांबतो. तेव्हा ते टोपीसारखं दिसतं, खाली आडवी दांडी. त्या दांडीवर बसून पंख फडफडवतो. मादी येते, आत बघते, एखादी काडी ओढते. पसंत पडलं तर राहते आणि मग तो पुढचं विणतो: पोट आणि खाली येणारी लांब नळी. पसंत नाही पडलं तर ती निघून जाते आणि ते घरटं तसंच टोपीसारखं लटकत राहतं. एका नरानं तीन तास मेहनत केली. मादी आली, चार सेकंद थांबली, गेली. मी घड्याळ लावलं होतं. त्या नराच्या जागी मी असते तर नोकरी सोडली असती.

आमच्या बाजूला चौदा घरटी होती. आठ नळीची पूर्ण, सहा अर्धवट. पूर्णांपैकी पाचांमध्ये माद्या चोचीत हिरव्या अळ्या घेऊन शिरत होत्या, म्हणजे आत पिल्लं नक्की. हे सगळं तक्त्यात आहे, वेळेसकट.

राहिली पलीकडची बाजू. तिकडच्या चार झावळ्या बावेच्या दुसऱ्या काठावर उतरल्या होत्या आणि मधल्या दाट पानांमुळे इकडून दिसत नव्हत्या. तिकडे जायला एक उतार, शेवाळानं भरलेला कातळ. कुमुद निघाली, तिसऱ्या पावलाला पाय सरकला आणि ती बसली ती उठेना. घोटा सुजला. आयोडीनचा उपयोग झाला नाही, सुतळीचा झाला. मी तिथल्या तिथे नियम केला: पलीकडच्या काठाला कोणी जायचं नाही. इनामदारांना तीनदा बजावलं. दुपारी बघते तर त्यांची खुर्ची पलीकडच्या काठावर.

"इनामदार! या इकडे!"

"इथून छान दिसतंय हो!"

"छान दिसण्यासाठी आलेलो नाही आपण! तुमची पाच घरटी इकडे आहेत!"

ते आले. त्यांचा कागद पावसात भिजून लगदा झाला होता आणि मी तो वाचला नाही. हे वाक्य लक्षात ठेवावं.

संध्याकाळी कुमुदचा पाय शेकायला मी चुलीपाशी गेले. सुनंदा भाकऱ्या थापत होती. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, त्या पाखरांची पिल्लं कधी उडतील?"

"का गं?"

"सोमवारी लायनीची मानसं यायचीत. बावेवर पंप बसवायचाय. पोल येऊन पडलेत वाटेवर, बगितलेत नं? वायर पलीकडच्या अंगानं येनार. तिकडच्या चार झावल्या तोडायला लागतील. माड नाय, फक्त झावल्या."

मग तिनं सगळं सांगितलं. घरामागच्या कातळावर हापूसची दोनशे कलमं लावलेली, दुसऱ्या वर्षाची. पावसाळा संपला की प्रत्येक कलमाला पाणी, डोक्यावर कळशीनं, बावेपासून वर चढून. मागच्या उन्हाळ्यात चाळीस कलमं गेली. लाईनसाठी अर्ज करून तीन वर्षं झाली.

"आबांनी सांगून ठेवलंय," सुनंदा म्हणाली, "त्या झावल्यांवर पिल्लं असतील तर हात लावायचा नाय. मंग भले पोल दुसरीकडे जाऊ देत. आता तुमीच आलायत बघायला, तर तुमी सांगा. तुमी लिवून घेताय सगलं."

मी म्हटलं, सोमवारी सकाळी नक्की सांगते.

रविवार

पाऊस. सकाळी सहा ते संध्याकाळी पाच. दुर्बिणीच्या काचांवर आतून वाफ धरली. प्लास्टिकच्या कागदाखाली मी दोन तास बसले आणि एकूण तीन नोंदी केल्या, त्यांपैकी एक बेडकाची होती. पलीकडच्या काठाला जायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा परत फिरले, कारण मी पडले असते तर कुमुदला उचलणारं कोणी उरलं नसतं. इनामदार उरले असते, पण त्यांना मी मोजणीत धरत नाही.

कुमुदला गणपतीपुळ्याला जायचं होतं. ते राहिलं.

आबा मात्र मजेत होते. दिवसभर पडवीत बसून दोरी वळत होते. दर थोड्या वेळानं बावेकडे बघून काहीतरी सांगायचे. "तो बग गो बाय, तो टकल्या नर. काल त्याचं मोडलं, आज परत लागलाय." पन्नास वर्षं ते त्या माडाखाली आंघोळ करत आहेत, पलीकडच्या काठावर, कारण तिकडे दगडी न्हाणी आहे. त्यांना तो उतार म्हणजे उतार वाटतच नाही. तेव्हा मला सुचलं. स्वतः जाण्याची गरजच काय? रोज सकाळी ते तिथेच असतात.

सोमवार

सकाळी साडेआठला वायरमन आला. खाकी रेनकोट, सायकल, मागे दोघं जण शिडी आणि कोयता घेऊन. बोलायला सज्जन माणूस. म्हणाला, "दोन तासांचं काम. आज इथलं झालं की उद्या पोल उभे. नाहीतर पोल पुढच्या वाडीला द्यायचेत, ते पण मागे लागलेत."

सुनंदा पदराला हात पुसत बाहेर आली. आबा आंघोळ करून न्हाणीवरून येत होते. इनामदार नव्हते. ते सकाळीच 'जरा मिरजोळ्याला जाऊन येतो' म्हणून गेले होते. तिथे कारखान्यांजवळच्या एका खानावळीत श्रावण पाळत नाहीत असं त्यांना थांब्यावर कोणीतरी सांगितलं होतं.

मी वही उघडली आणि स्पष्ट विचारलं. "आबा, पलीकडच्या चार झावळ्यांवर काय आहे? नीट आठवून सांगा."

"पालने," आबा म्हणाले.

"पाळणे? किती?"

"नऊ. नवच्या नव पालने गो बाय."

"सगळे? नक्की?"

"नक्की म्हंजे? आत्ता बगून आलो."

मी लिहिलं: नऊ. आणि माझ्या मनात त्या नऊ घरट्यांत नऊ माद्या हिरव्या अळ्या घेऊन शिरल्या. आमच्या बाजूला आठांपैकी पाचांत पिल्लं. तिकडे नऊपैकी नऊ. थोडं आश्चर्य वाटलं, पण तिकडचा काठ निवांत, वारा कमी, असं कारणही मला लगेच सापडलं.

"मग तोडता येणार नाहीत," मी म्हटलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "नाय तोडायच्या?"

"अजिबात नाही. निदान तीन आठवडे."

त्यांनी हातातला ओला पंचा पिळला. मग म्हणाले, "तू म्हन्तेस तर नाय तोडायच्या."

सुनंदानं वाटेवर पडलेल्या पोलांकडे बघितलं.

वायरमन म्हणाला, "बाई, माझं काही नाही. पण माणसं पाठवली नि काम झालं नाही तर साहेब मला विचारणार. तोंडी चालणार नाही. कोणीतरी लिहून द्या."

आता इथे दुसऱ्या कोणाकडे कागद नसता, पेन नसतं, लिहायला वेळ लागला असता, कोणीतरी 'थांबा, एकदा बघून येऊ' म्हणालं असतं. माझ्याकडे सगळं होतं. मी पडवीच्या कठड्यावर बसले आणि कार्बन घालून तीन प्रतींत हरकत लिहून दिली. सुवाच्य. दिनांक, ठिकाण, विषय. 'सदर चार झावळ्यांवरील नऊ घरट्यांत पिल्ले असल्याचे प्रत्यक्ष पाहणीअंती आढळून आले आहे.' हे वाक्य मी शाळेत महिन्यातून चारदा लिहिते, वर्ग तपासल्याचं, फळे तपासल्याचं, पाण्याची टाकी धुतल्याचं. हात आपोआप गेला. खाली सही, हुद्दा. आबांनी त्याखाली सही केली, एकेक अक्षर जोडून. वायरमननं मूळ प्रत घडी करून रेनकोटच्या आतल्या खिशात ठेवली, नमस्कार केला आणि शिडी-कोयत्यासह तिघं पुढच्या वाडीकडे गेले.

मला बरं वाटलं. ते लिहिलं पाहिजे. तीन दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी वेळेवर आणि नीट झालं होतं.

दुपारची गाडी होती. मी सामान बांधत होते. कुमुद ओटीवर पाय लांब करून बसली होती. आबांची नात, सुनंदाची धाकटी, जवळ झोळीत झोपली होती. कुमुद झोळीला झोका देत म्हणाली, "वहिनी, आपल्याला एखादं पडलेलं घरटं मिळालं असतं तर शाळेत ठेवता आलं असतं."

सुनंदा आतून म्हणाली, "पडलेलं हाय की. आनते." आणि कोनाड्यातून एक घरटं घेऊन आली. अर्धवट, टोपीसारखं, खाली आडवी दांडी. तिनं ते कुमुदच्या हातात ठेवलं.

"हा घ्या पालना."

मी पिशवीची नाडी बांधत होते. ती अर्धी राहिली.

"काय म्हणालीस?"

"पालना. हा पालना."

"हा? हे तर अर्धवट आहे. ह्यात पिल्लं कुठे राहतील?"

"पिल्लं?" सुनंदाला कळेना. "पालन्यात कुटली पिल्लं? पालन्यात नर झोके घेतो. ही दांडी बगा नं, तिच्यावर बसून. मादीनं टाकला की उरतो तो पालना. पिल्लं खोपीत असतात, नलीवाल्या."

मी वही काढली. मागच्या पानावर शब्दांची यादी होती. बाव, खळं, बाय, न्हाणी, घावन. सतरा शब्द. पाळणा नव्हता. तो मला माहीत होता, म्हणून लिहिलाच नव्हता.

आबा पडवीतून सगळं ऐकत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आबा, त्या नऊ पाळण्यांत पिल्लं नाहीत?"

"नाय."

"एकाही नाही?"

"अगो, पालना म्हंजे मोकलाच."

"मग मी तोडू नका म्हटलं तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"

आबांनी दोरीचा पीळ सोडला नाही. "मला वाटलं, तुमच्या पुस्तकात नराचं पन बगत असतील. बिचारा एवडं विनतो, मादी टाकून जाते, त्याला झोका तरी असूदे. मी म्हटलं, बाय सांगलीवरनं आली ती उगाच आली नसेल."

मी सुनंदाकडे बघितलं. मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला माहीत हुतं पालने हायत ते," ती म्हणाली. "मी रोज पानी भरते तिथं. पन तुमी लिवलंत. तीनदा लिवलंत. मंग मला वाटलं, मलाच काय कलत नसेल."

गाडी मी सोडली. कुमुदला ओटीवर ठेवलं आणि छत्री घेऊन पुढच्या वाडीकडे चालत गेले, पाऊण तास, दोन पऱ्ह्यांतून, चप्पल हातात घेऊन. पऱ्ह्या म्हणजे ओढा. हा अठरावा शब्द. पोचले तेव्हा तिथले लोक पोल खांद्यावर घेऊन येऊन पोचलेच होते, बैलाला ओवाळावं तसं एका म्हाताऱ्या बाईनं पहिल्या पोलाला कुंकू लावलं होतं. वायरमन शहरात परत गेला होता. त्या लोकांना मी काय सांगणार होते? की हे पोल परत द्या, माझी एका शब्दात चूक झाली?

तसंच उलटं येऊन कुमुदला आणि सामानाला घेऊन साडेचारला रत्नागिरी. इनामदार मिरजोळ्याच्या थांब्यावर गाडीत चढले, प्रसन्न. गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत म्हणाले, "पण मी लिहिलं होतं की. पलीकडच्या काठावरून. अर्धवट नऊ, चिमण्या नाहीत. तुम्ही मला उठवलंत ना तेव्हाच."

मी तो लगद्याचा कागद त्यांच्याकडून मागून घेतला.

ज्या कार्यालयातून वायरमन आला होता तिथे एक कारकून होते, शांत, नाकावर चष्मा. माझीच हरकत त्यांच्या टेबलावर आलेली होती. त्यांनी ती वाचून दाखवली, 'प्रत्यक्ष पाहणीअंती'पाशी थांबून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या स्वच्छ अक्षरात हरकत आमच्याकडे येत नाही हो."

"मागे घ्यायची आहे."

"घ्या ना. लेखी आहे, लेखीच मागे घ्या. हा नमुना. अर्जदाराची सही, हरकतदाराची सही, आणि इथे कारण. कारण आल्याशिवाय नाव यादीत परत चढवता येत नाही. चढलं तर गणपतीनंतर पोल येतील त्यात बघू."

आबांची सही तिथे मिळणार नव्हती. सांगलीची शेवटची गाडी सहाला होती आणि मंगळवारी माझी शाळा होती. नमुना घेऊन मी निघाले.

सांगली

परत येऊन दहा दिवस झाले. मंडळासमोर निवेदन वाचलं. न आलेल्या अकरांपैकी चार जण म्हणाले की त्यांनाही यायचं होतं. कुमुदचा घोटा उतरला. दुर्बीण उघडून पुसून घेतली. इनामदारांचा तो लगद्याचा कागद दोन पुस्तकांत दाबून वाळवला आणि त्यावर खरोखरच, पेन्सिलीनं, 'अर्धवट ९' असं आहे. तक्ता नव्यानं लिहिला: अलीकडे चौदा, पलीकडे नऊ, एकूण तेवीस. पलीकडच्या नऊपुढे 'स्रोत: इनामदार, आबा' असं लिहिलं आणि माझं नाव घातलं नाही. पाळणा शब्द यादीत घातला, अर्थासकट. निघताना सुनंदानं दिलेल्या आवळ्याच्या बरणीबद्दल तिला पत्र टाकलं. त्यात पावसाचं विचारलं, आबांच्या तब्येतीचं विचारलं आणि लाईनचं काही लिहिलं नाही.

वत्सलाबाई सोमवारी गणपतीसाठी माहेरी जाणार आहेत. नमुना त्यांच्याबरोबर द्यायचा, आबांची सही घेऊन त्या तो शहरात नेऊन देतील. त्यांनी एकदाच विचारलं, "मॅडम, कागद तयार आहे ना?" मी हो म्हटलं.

माझी सही झाली आहे. दिनांक घातला आहे. कार्बन लावून तीन प्रती आहेत. राहिलाय तो 'कारण' हा रकाना, दोन ओळींचा. पहिल्यांदा लिहिलं, 'स्थानिक शब्दाच्या अर्थाबाबत गैरसमज झाल्याने'. खोडलं. अर्थ आबांना ठाऊक होता, सुनंदाला ठाऊक होता, गैरसमज स्थानिक नव्हता. मग लिहिलं, 'फेरतपासणीअंती'. फेरतपासणी म्हटलं की आधी तपासणी झालेली असावी लागते. तोही कागद बाद. नवे तीन घेतले, परत सही केली.

खरं कारण चार शब्दांचं आहे: प्रत्यक्ष पाहणी केली नव्हती. तेवढंच लिहायचंय. त्याखाली माझा हुद्दा आहे.

आज गुरुवार. यादीतल्या बाकीच्या सगळ्या कामांपुढे खूण झाली. या एका ओळीपुढची जागा अजून कोरी आहे.